हाकेला ओ

बैठकीच्या आदल्या दिवशी दोन्ही मालक माझ्या घरी येऊन गेले. एक सकाळी, एक संध्याकाळी. अठरा वर्षांत त्या दोघांनी एकाच दिवशी एकच गोष्ट केल्याचं मला तरी आठवत नाही. दोघंही त्याच डुगडुगणाऱ्या खुर्चीवर बसले, दोघांनीही पाणी नको म्हणून सांगितलं आणि दोघांचं बोलणंही एकाच साच्यातून काढल्यासारखं निघालं.

"मावशी, तू फक्त एवढंच सांग," उजवे मालक म्हणाले, "की आम्ही झडपेची नुसती कडी लावायला सांगितली होती. खिळे त्यांनी आपल्या मनाने ठोकले. कडी असती तर आतून धक्के मारून निघाली असती."

"मावशी, तू फक्त एवढंच सांग," डावे मालक म्हणाले, "की औषधाचा दिवस शुक्रवारचा ठरला होता. त्यांनी तो गुरुवारवर ओढला. दारावर आदल्या दिवशी पाटी लावायची असते, ती लावली नाही. पाटी असती तर पोरं आत गेलीच नसती."

दोघंही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत होती. आणि तिसरं एक खरं माझ्यापाशी होतं, ज्याचा दोघांनाही पत्ता नव्हता. ते सांगितलं तर माझी ओट्यावरची जागा जाणार होती, पोट जाणार होतं. पण खरी भीती त्याची नव्हती. दोन्ही पोरांच्या आया गेले वीस दिवस माझ्याच गळ्यात पडून रडत होत्या. त्या पुन्हा माझ्याकडे वळणार नव्हत्या. न सांगावं तर सगळं जिथल्या तिथे राहत होतं.

मी पोती शिवते. धान्याच्या बाजारात फाटक्या पोत्यांना तोटा नाही, त्यामुळे मलाही कामाचा तोटा कधी पडला नाही. मोठ्या गोदामाच्या पुढे दगडी ओटा आहे, त्याच्या बरोबर मधोमध माझी जागा. डाव्या हाताला डाव्यांचं दार, उजव्या हाताला उजव्यांचं. ही काही त्यांची आडनावं नव्हेत. पूर्वी गोदाम एकच होतं आणि मालक दोघं, एका ताटात जेवणारे. मग एका रात्रीत छपरातून पाणी आलं आणि सहाशे पोती गहू भिजून त्याला कोंब फुटले. छपरावर ताडपत्री टाकायची कोणाची पाळी होती, यावरून भांडण लागलं. ते आठ दिवसांत मिटेल असं वाटलं होतं. आठ दिवसांनी मधे भिंत उभी राहिली, आणि तेव्हापासून बाजाराने त्यांना उजवे आणि डावे करून टाकलं. गव्हाला कोंब फुटून अठरा वर्षं झाली, भांडणाला अजून फुटतच होते.

भिंतही काय बांधली म्हणता! वर, छपराजवळ, पूर्वी पोती इकडून तिकडे सरकवायची जागा होती, माणूस वाकून जाईल एवढी. ती बुजवायची कोणी? हे म्हणाले त्यांनी, ते म्हणाले ह्यांनी. शेवटी ती तशीच राहिली. डाव्यांनी आपल्या बाजूने तिला लाकडी झडप बसवली, तीही उजव्यांकडचे उंदीर आपल्याकडे येतात म्हणून. उंदरांनी कोणाचा पक्ष घेतला होता ते उंदरांनाच ठाऊक.

दोघं एकमेकांशी बोलत नसत, पण शेजार काही सुटत नाही. गाडी आडवी लागली, पन्हाळ तुंबली, गोदामात औषध ठेवायचं झालं, की निरोप धाडावाच लागे. तो निरोप मी नेत असे. "मावशी, त्यांना सांग." बस, एवढंच. मी इकडून उठायचे, वीस पावलं चालायचे, तिकडे सांगायचे. कधी शिव्याही असत, त्या मात्र मी वाटेतच गाळून टाकत असे. मला वाटायचं, मी आहे म्हणून ह्यांचं निभतंय. आता वाटतं, मी नसते तर कधीतरी झक मारत एकमेकांशी बोलले असते.

उजव्यांची पोर एकवीस वर्षांची. पोत्यात पोकळ सळई खुपसून ती मूठभर दाणे काढायची, त्यातला एक दाताखाली धरून कुरतडायची, आणि माल ओला की सुका ते सांगायची. मशीन चुकेल, पण ती नाही. हमालांनी तिचं नाव खार ठेवलं होतं. डाव्यांचा पोरगा चोवीसचा, ट्रक चालवायचा, आणि इतका उंच, की थप्पीवरचं पोतं तो जमिनीवर उभा राहून ओढायचा. त्याला सगळे शिडी म्हणत. पुढे दोघांचं जमलं, तेव्हा मी एकदा त्यांना म्हटलं होतं, खार शिडीवर चढणारच, त्यात नवल काय. दोघं लाजून लाल झाली होती.

जमलं ते त्या झडपेपाशीच. तो त्याच्या बाजूला थप्पीवर बसून धुळीने शिंकत होता. एक नाही, दोन नाही, लागोपाठ अकरा. पलीकडून हिचा आवाज आला, "अहो, तोंडाला फडकं बांधा ना." त्याने झडप उघडून बघितलं. दुसऱ्या दिवशी तो दोन फडकी घेऊन आला, एक स्वतःला, एक तिला. हे मला दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं, आणि दोघांनाही वाटत होतं की मी पहिल्यांदाच ऐकतेय. मी तसं तोंड करून ऐकलंही.

मला का सांगितलं? कारण आणखी कोणाला सांगणार? तिच्या बापाचा हात बाजाराने एकदा पाहिला होता. पोर तेव्हा सतरा वर्षांची. रस्त्यात तिची वही पडली, ती डाव्यांच्या पोराने उचलून दिली, आणि ही "थँक्यू" म्हणाली. बापाने भर बाजारात तिच्या थोबाडीत मारली. "त्या घराकडे बघून परत हसलीस तर घरात घेणार नाही," म्हणाले. पोर रडली नाही. वही छातीशी धरून सरळ घरी गेली. त्या दिवशी मी दाभण बोटात खुपसून घेतलं होतं, पण तोंड उघडलं नाही. मालकांच्या घरच्या भानगडीत पोती शिवणाऱ्या बाईने नाक खुपसायचं नसतं.

मग दर गुरुवारी दुपारी हमाल जेवायला गेले, की खार मागच्या अंगाने येऊन उजव्या दारातून आत शिरायची. घरी सांगितलेलं असायचं, क्लासला जाते. शिडी त्याच्या बाजूने थप्पीवर चढून झडपेतून उतरायचा. मी ओट्यावर राखण करायचे. कोणी आलंच तर मी मोठ्याने खोकायचे, आणि दोघं झडपेतून डाव्या बाजूला निघून जायची. वर्षभर चाललं होतं. अळीमिळी गुपचिळी. मला ह्या वयात त्याची मोठी मौज वाटायची, खोटं का बोलू?

आता औषधाचं सांगते. वर्षातून एकदा-दोनदा धान्यात किडे पडतात, तेव्हा औषधवाल्याला बोलवायचं. तो थप्प्यांमधून औषधाच्या थाळ्या ठेवतो, मग दार लावून फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. दोन-तीन तासांत आत विषारी वायू भरतो. पाच दिवस दार उघडायचं नाही आणि पहिल्या दिवशी त्या दारापाशी कोणी थांबायचंही नाही. बाजाराची पूर्वापार रीत अशी, की पट्ट्या चिकटवण्याआधी मालकाने स्वतः दारात उभं राहून तीन हाका मारायच्या. नोकराने नाही, मालकानेच. आत कोणी झोपलं असेल, कोणी सावलीला बसलं असेल, तर मालकाच्या हाकेला ओ देईलच. ओ आली नाही की दार बंद.

उजव्यांचं औषध शुक्रवारी ठरलं होतं. घरात तसंच ठाऊक होतं, खारेलाही. गुरुवारी दुपारी ती आत गेली, पाठोपाठ पलीकडून तो उतरला असणार. तेवढ्यात समोरून उजवे मालक औषधवाल्याला घेऊन आले. औषधवाल्याला म्हणे शुक्रवारी दुसरीकडे जायचं होतं. मी खोकले. घसा फाटेस्तोवर खोकले. पण मालक दारातच येऊन उभे राहिले होते आणि औषधवाला थाळ्या घेऊन आत शिरला होता. आता त्या दोघांना थप्पीवर चढणं शक्य नव्हतं, चढली असती तर दिसली असती. ती मागच्या थप्पीआड दबून बसली असणार.

"मावशी," मालक म्हणाले, "त्यांना सांग, आमचं औषध आजच आहे. झडप लावून घ्या म्हणावं, नाहीतर तिकडे वास येतो म्हणून बोंबलतील."

मी उठले. माझ्या मनात हिशेब होता. डावे मालक त्या वेळी घरी जेवत असतात. आपण जायचं, स्वतःच थप्पीवर चढायचं, औषधवाला बाहेर गेला की झडपेतून हळूच हाक मारायची आणि दोघांना इकडे उतरवून घ्यायचं. मग खुशाल लावू दे कोणी झडप. साठीला आलेली मी, पण त्या वीस पावलांत मी मनाने थप्पी चढूनही झाले होते.

डावे मालक जेवायला गेले नव्हते. चाळणीचं मशीन बिघडलं होतं, ते नुकतंच सुरू करून समोर उभे होते. मी निरोप सांगितला. त्यांनी ऐकलं मात्र, तळपायाची आग मस्तकात गेली. "पाटी नाही, काही नाही, ऐन वेळी सांगतायत! आमच्या मालाला वास लागला म्हणजे?" हातोडी घेऊन ते स्वतः चढले. झडप ओढली, कडी घातली, वर आडवी पट्टी ठेवून चार खिळे ठोकले. "बघू आता कसा येतो वास," म्हणाले.

मी खाली उभी होते. चार खिळे मी मोजले. प्रत्येक खिळ्याला मला वाटत होतं, आता बोलावं. मालक, थांबा, तुमचा लेक पलीकडे आहे. आठ शब्दही नाहीत. पण ते बोलले असते तर ह्या हातोडीने मुलाचं काय केलं असतं, तिकडे बापाने मुलीचं काय केलं असतं, हेच माझ्या डोळ्यांपुढे नाचलं. मी त्यांना वाचवत होते. खरंच सांगते, त्या क्षणी मला असंच वाटत होतं.

मी धावत परत आले. दार लागलं होतं. औषधवाला खळीचा डबा घेऊन पट्ट्या चिकटवत होता.

"हाक मारली का हो?" मी विचारलं.

"तीनदा," मालक म्हणाले. "का?"

"ओ दिली नाही कोणी?"

"आत कोणी असेल तर देईल ना! काय झालंय तुला, घामाने भिजलीयस."

"काही नाही," मी म्हटलं. "ऊन आहे."

हेच ते माझं तिसरं खरं. त्या वेळी दार उघडलं असतं तर दोघं जिवंत बाहेर आली असती. औषध अजून सुटलंही नव्हतं. ओ आली नाही, म्हणजे ती झडप लागण्याआधीच निसटली असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ठरवून टाकलं, हाच शब्द बरोबर आहे. मला माहीत होतं की औषधवाला आत असताना त्यांना निसटता येणार नव्हतं. बाहेर शिडीचा ट्रक उभा होता, तोही मी बघितला. असेल इथेच कुठेतरी, म्हटलं. मग औषधवाल्याने सगळ्यांना ओट्यावरून हाकललं आणि मीही सुतळी गुंडाळून घरी गेले.

पोरांनी हाक ऐकली होती. त्यांना वाटलं असेल, आता गप्प बसावं, बापाची पाठ वळली की झडपेतून निघून जावं. नेहमीसारखं.

संध्याकाळी खार घरी आली नाही, शिडीही आला नाही. दोघं एकदम नाहीशी झाली म्हटल्यावर बाजाराला सुतावरून स्वर्ग गाठायला कितीसा वेळ लागणार? पळाली! उजव्यांनी चौकीत लिहून दिलं, डाव्यांच्या पोराने आमची मुलगी पळवली. डाव्यांनी लिहून दिलं, उजव्यांनी आमच्या मुलाला फूस लावून गायब केलं. शनिवारी भर रस्त्यात दोन्ही घरची माणसं हातघाईवर आली. एकाचं डोकं फुटलं, दुसऱ्याचा दात पडला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे पुराण पाच दिवस चाललं. आणि पाच दिवस ते दार तसंच होतं, कागदाच्या पट्ट्या लावलेलं.

मी त्या दाराशेजारी बसून पोती शिवत होते. पळाली, बरं झालं, असं मी लोकांबरोबर म्हणत होते. सोमवारी तर मला तसं खरंच वाटायला लागलं होतं. कुठेतरी खोली घेतली असेल, खार दाणा कुरतडून वाण्याला माल परत करत असेल, असलं काहीबाही मी मनात रंगवत होते. मनाला फसवायला माणसाला दुसऱ्या कोणाची मदत लागत नाही.

मंगळवारी पट्ट्या काढल्या. वारा खेळायला दोन तास दार उघडं ठेवलं आणि मग हमाल आत गेले. पहिला हमाल बाहेर आला, ओट्यावर माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्याने माझा हात धरला. मला विचारावं लागलं नाही.

झडपेच्या खाली, थप्पीच्या माथ्यावर होती दोघं. झडपेच्या फळ्यांवर आतून मारल्याच्या खुणा होत्या. दाराशीही जाऊन ठोकून आली असावीत, तिथली पोती विस्कटलेली होती. तिच्या तोंडाला दोन फडकी बांधलेली होती. त्याच्या तोंडाला एकही नव्हतं.

दोघांना वेगवेगळ्या रस्त्यांनी नेलं. उजवे आधी निघाले, डावे नंतर, समोरासमोर येऊ नये म्हणून मधे तासाभराचं अंतर ठेवलं. ते अंतर ठरवायचा निरोपही माझ्याच हाती दिला होता. मी तोही पोचवला. आजही मला त्याची शिसारी येते.

चौकीवाल्यांनी अपघात म्हणून कागद बंद केला. पण बाजाराचं समाधान होईना. अशाने उद्या कोणी औषध ठेवायला धजणार नाही, चूक कोणाची ते ठरायला हवं, असं सगळ्यांचं मत पडलं. म्हणून ही बैठक. बाजाराच्या अध्यक्षांना आम्ही घड्याळ म्हणतो, कारण ते बोलणाऱ्याकडे न बघता मनगटाकडे बघतात. त्यांनी समोर कागद ठेवला होता, त्यावर शेवटी "जबाबदार" असं लिहून पुढे जागा सोडली होती. उजवे एका भिंतीला, डावे दुसऱ्या. बायका मागे दाराशी बसल्या होत्या, त्याही दोन टोकांना.

उजवे बोलले, खिळे. डावे बोलले, पाटी. मग आवाज चढले, गव्हाला फुटलेले कोंब निघाले, अठरा वर्षांपूर्वीची ताडपत्रीसुद्धा निघाली. पोरं राहिली बाजूला. ते ऐकून माझं डोकं फिरलं. मी उठले आणि सगळं सांगून टाकलं. गुरुवार, राखण, खोकला, चार खिळे, बंद झालेलं दार. "दार उघडा, एवढंच म्हणायचं होतं मला," मी म्हटलं. "मी 'ऊन आहे' म्हणाले." आयांकडे बघायची माझी छाती झाली नाही.

उजवे ओरडले, "म्हणजे ह्या बाईला सगळं माहीत होतं!"

"माझ्या समोर उभी होती," डावे म्हणाले. "मी खिळे मारत होतो आणि ही बघत होती!"

"दोन्ही घरं बुडवली हिने."

"बरोबर बोललात."

बरोबर बोललात! अठरा वर्षांत एकाने दुसऱ्याशी बोललेला पहिला शब्द. दोघं आपापली भिंत सोडून अध्यक्षांच्या टेबलाशी आले, खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि माझ्याकडे पाहत राहिले. दोघांच्या तोंडावर एकच भाव होता, आणि तो दुःखाचा नव्हता. ओझं उतरल्यावर हमालाच्या तोंडावर येतो, तो. घड्याळांनी पेन उघडलं. "मग हिचं नाव लिहू ना?" म्हणाले. मला रागसुद्धा आला नाही. लिहा एकदाचं, असं झालं होतं.

"थांबा जरा," मागून आवाज आला.

खारेची आई उठली होती. चार माणसांत तोंड उघडणाऱ्यांतली ती नव्हे. ती पुढे आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"तुम्ही हाक मारलीत तेव्हा ती आत होती. ऐकलं असेल तिने?"

"मला काय माहीत," ते म्हणाले.

"तीनदा मारलीत. ऐकलं असेल?"

"असेल."

"आवाज ओळखला असेल तुमचा?"

त्यांनी नुसती मान हलवली.

"आत औषध ठेवलंय, बाहेर या, असं बाप दारातून सांगत होता," ती म्हणाली. "आणि माझ्या पोरीला औषधापेक्षा बापाची भीती जास्त वाटली. ती भीती ह्या बाईने घातली का? ते मला सांगा, आणि मग लिहा काय लिहायचं ते."

बोलले ते डावे. तोंडातून निघूनच गेलं त्यांच्या, इतक्या वर्षांची सवय. "मी म्हणतच होतो, चूक ह्यांचीच आहे."

"तुम्ही बसा खाली," शिडीची आई बसल्या जागेवरून म्हणाली. "आपल्या हमालाने सांगितलंय मला. झडपेवर ठोकल्याचा आवाज त्याने ऐकला, तुम्हाला सांगितला. तुम्ही म्हणालात, ठोकू दे, झोंबलंय त्यांना. आणि मशीन चालू ठेवलंत. लेक ठोकत होता तुमचा."

ते बसले. घड्याळांनी पेन हातात धरून ठेवलं होतं आणि कोणाकडे बघावं ते त्यांना कळत नव्हतं.

"माझं लिहा," मी म्हटलं. "मी कबूल करतेय ना! माझंच लिहा."

खारेची आई माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत माझ्यासाठी माया शिल्लक नव्हती, ते मला स्वच्छ दिसलं. "तुझं लिहिलं की हे दोघं सुटले," ती म्हणाली. "आणि तूही सुटलीस. शिक्षा भोगली म्हणशील आणि झोपशील. कोणाचंच नाव लिहू नका त्या कागदावर. राहू दे सगळ्यांच्या डोक्यावर."

ती बाहेर गेली. थोड्या वेळाने शिडीची आईही उठली आणि त्याच दाराने गेली. आम्ही तिघं आत राहिलो, दोन मालक आणि मी, आणि घड्याळ.

कामावरून मला कोणी काढलं नाही. मला काढायचं म्हणजे दोघांपैकी एकाने तोंड उघडायला हवं होतं, आणि दोघांचीही तोंडं आता बंदच असतात. निरोपही कोणी देत नाही. त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी, हमाल जेवायला गेल्यावर, खारेची आई आली. ओट्यावर बसली, माझ्यापासून हातभर लांब. मी सुई खाली ठेवली आणि ऐकून घ्यायची तयारी केली.

"माझ्याशी ती ह्या मुलाबद्दल एक अक्षर बोलली नाही," ती म्हणाली. "तुझ्याशी बोलायची. मी आई होते, पण मलाही ती भीत होती. म्हणजे माझंही नाव आलंच त्यात." मग तिने विचारलं, "त्या दिवशी आत जाताना तुझ्याकडे बघितलं होतं तिने?"

"हो, वहिनी."

"कशी होती?"

खोटं बोलून तिला बरं वाटलं असतं की वाईट, ते मला कळेना. आता खोटं बोलायचं नव्हतंच.

"हसत होती," मी म्हणाले. "मला म्हणाली, मावशी, आज लवकर निघणार आहे, आईला कपडे वाळत घालायला मदत करायचीय."

ती ऐकून उठली नाही, रडलीही नाही. गुडघ्यांवर हात ठेवून तशीच बसून राहिली. हमाल परत आले, तरी बसून होती.